पांढरी शॉर्ट्स आणि शनिवारची पोटदुखी

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही सिंहगड रोडला राहतो. मुलगी १२ वर्षांची आहे, दोन वर्षं झाली फुटबॉल खेळतेय आणि अगदी जीव तोडून खेळते. या वर्षी तिच्या अकॅडमीने लीगसाठी नवं किट काढलं, २,८०० रुपये, आणि ते त्यांच्याकडूनच घ्यायचं. मागच्या वर्षीचं अजून तिला व्यवस्थित होतं पण स्पॉन्सर बदलला म्हणून ते बाद. नवं किट हातात आलं मॅचच्या आदल्या रात्री नऊ वाजता. जर्सी मुलांच्या मापाची, खांद्यावरून उतरते, आणि तिसऱ्या धुण्यात पाठीवरच्या इंग्रजी आठ आकड्याची डावी बाजू सुटली, आता लांबून तो तीन दिसतो. मागच्या मॅचला रेफ्रीने तिला 'नंबर थ्री' म्हणूनच हाक मारली.

हे सगळं मी चालवून घेतलं असतं पण शॉर्ट्स पांढरी आहे. तिला जानेवारीत पाळी सुरू झाली, अजून तारखेचा काही नेम नाही, आणि आता दर शनिवारी सकाळी पोटात दुखतंय म्हणते. आधी मला खरंच वाटलं. मग परवा रात्री ती किट घालून आरशाकडे पाठ करून, मान वळवून वळवून मागून बघताना दिसली. कोचशी बोलले तर म्हणाले, सगळ्या टीमला एकच किट, एकीसाठी कसं बदलणार. मला तिचा खेळ सोडवायचा नाहीये. काय करू?
— एक आई

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचलं आणि मी त्या आरशापाशीच थांबले. बाकी जर्सी, पैसे, नंबर यावर बोलूच, पण आधी शॉर्ट्स.

तुमची मुलगी नखरे करत नाहीये आणि तुम्हीही उगाच बाऊ करत नाही आहात. इंग्लंडच्या महिला फुटबॉल टीमने २०२२ ची युरो स्पर्धा जिंकली तेव्हा त्यांची शॉर्ट्स पांढरीच होती, आणि त्या स्पर्धेच्या वेळीच खेळाडूंनी उघडपणे सांगितलं होतं की पाळीच्या दिवसात ही आम्हाला नको. २०२३ मध्ये त्यांचं नवं किट आलं त्यात शॉर्ट्स निळी झाली. विम्बल्डनसारख्या पांढऱ्याचा हट्ट धरणाऱ्या ठिकाणीसुद्धा २०२३ पासून बायकांना आत गडद रंगाची शॉर्ट्स घालायची परवानगी मिळाली. देशासाठी खेळणाऱ्या, सवय झालेल्या मोठ्या बायकांना जे जड जातं ते १२ वर्षांच्या पोरीने गुपचूप का सोसायचं? आणि तिला तर नुकतीच सुरू झालीये, पहिलं वर्ष-दोन वर्षं पाळी मागेपुढे होणं अगदी नॉर्मल असतं, म्हणजे कुठला शनिवार कसा निघेल हे तिलाही माहीत नाही.

कोच म्हणतात ना सगळ्यांना एकच किट, मग सगळ्यांचीच शॉर्ट्स बदला, एकीसाठी बदला असं कोण म्हणतंय. फुटबॉलच्या नियमात पांढरा रंग कुठेही सक्तीचा नाही. दोन टीम एकमेकींपासून आणि रेफ्रीपासून वेगळ्या दिसल्या पाहिजेत, गोलकीपर वेगळी दिसली पाहिजे, नडगीवरचे शिनगार्ड मोज्यांनी झाकलेले पाहिजेत, बाहेरून दिसणाऱ्या किटचं मुख्य म्हणजे एवढंच. लीगमध्ये टीमचे रंग आधी नोंदवलेले असतील तर कोचनी आयोजकांना कळवून ते बदलून घ्यायचे. साध्या काळ्या किंवा नेव्ही ब्लू शॉर्ट्सवर काही छापावं लागत नाही, बऱ्याच मुलींच्या कपाटात ती असेलही.

कोणी सांगेल की आतून काळी टाइट्स घाल, झालं. तसं करताना जरा जपून, कारण नियमाप्रमाणे आतली टाइट्स शॉर्ट्सच्याच रंगाची किंवा तिच्या खालच्या काठाच्या रंगाची लागते, आणि रेफ्री कडक असला तर सगळ्यांसमोर बदलून ये म्हणेल, जे या वयात त्या डागाहूनही वाईट. शॉर्ट्स गडद झाली की आतलीही गडद चालते.

बोलायचं कसं, तर पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हे टाकू नका. तुमच्या मुलीची खासगी गोष्ट आहे, आधी तिला विचारा, मग तीन-चार आयांना फोन करा. मी स्वतः मुलीला घेऊन कितीतरी वर्षं ग्राउंडवर उभी राहिलेय, तुम्हाला खात्रीने सांगते, त्या फोनवर कमीत कमी एक आई तरी 'अगं, आमच्याकडेही हेच' म्हणणार. मग सगळ्या मिळून कोचकडे जा, बाबांनाही न्या, आणि कोणाच्याही मुलीचं नाव न घेता एवढंच सांगा की मुलींना पांढरी शॉर्ट्स नको, गडद पाहिजे. कोच वाईट नसतात हो बहुतेक, त्यांच्या डोक्यातच आलेलं नसतं.

तोवर तिच्या बॅगेत एक छोटा पाऊच ठेवा, पॅड, एक जास्तीची चड्डी, एक गडद शॉर्ट्स. कमरेला बांधायला जॅकेट. डाग पडलाच तर गार पाण्यातच भिजवायचा, गरम पाण्याने तो पक्का बसतो. आणि पोट खरंच दुखत असेल, खेळता येणार नाही इतकं, तर डॉक्टरांना दाखवा, ती गोष्ट शॉर्ट्सच्या नादात राहून जायला नको.

आता पैशांचं. एक मोठा माणूस दुकानात गेला तर शर्ट घालून बघतो, मग पोरांना मापं न घेता २,८०० चं किट कसं देतात? पुढच्या वेळी पैसे भरायच्या आधी छातीचं माप द्या, मुलींसाठी वेगळा कट आहे का विचारा आणि छपाई कसली ते विचाराच. तुमच्या जर्सीवरचा नंबर नुसता गरम प्रेसने चिकटवलेला असणार, म्हणून तो सुटला. सब्लिमेशन नावाची दुसरी छपाई असते, तिच्यात साधारण २०० डिग्रीला रंगाची वाफ होऊन तो पॉलिस्टरच्या धाग्यातच शिरतो, वर सोलायला काही राहतच नाही. आत्ताची जर्सी मात्र उलटी करून गार पाण्यात धुवा, नंबरवर इस्त्री फिरवू नका.

स्पॉन्सर बदलला तर त्याचा भुर्दंड पालकांनी का भरायचा हे मला आजवर कोणी समजावून सांगितलेलं नाही. नाव स्पॉन्सरचं मिरवायचं आणि पैसे आमचे? पक्कं बिल मागा. क्लासला प्रवेश हवा तर वस्तू आमच्याकडूनच घ्या अशी अट असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात त्याला नाव आहे, निर्बंधक व्यापारी प्रथा, आणि ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. लगेच तिथे जा असं नाही म्हणत मी, पण बोलताना हे माहीत असलं की आवाज कापत नाही.

आणि तो आठ आकडा. जर्सीवर छपाई करणाऱ्या कुठल्याही दुकानात तो काढून नवा प्रेस करून देतात. तो येत्या शनिवारच्या आत करून आणा, तिला बरोबर घेऊन जा.