देव ‘ऐकतो’ की देवाला ‘ऐकू येते’?

नागपुरातल्या सदर भागात राहणाऱ्या एका वाचक भगिनींनी विचारले आहे की, बायबलच्या स्तोत्र 65:2 मध्ये देवाला ‘प्रार्थना ऐकणारा’ म्हटले आहे आणि सर्व माणसे त्याच्याकडे येतात असेही सांगितले आहे, तर योहान 9:31 मध्ये देव पाप्यांचे ऐकत नाही असे वाक्य येते. मग शास्त्राप्रमाणे देव सर्वांची प्रार्थना ऐकतो की नाही?

माझ्या मते या प्रश्नातली निम्मी गाठ ‘ऐकणे’ या क्रियापदात आहे, आणि ती सोडवण्याची सोय मराठीत आहे. ‘मला ऐकू येते’ यात आवाज कानावर पडतो, एवढेच. ‘मी त्याचे म्हणणे ऐकून घेतले’ यात लक्ष दिले, पण मान्यतेचे वचन दिले नाही. नागपूर खंडपीठात अर्जदाराचे सगळे म्हणणे ऐकून घेतल्यावरही अर्ज फेटाळला जाऊ शकतो. ‘मुलगा आईचे ऐकतो’ यात मात्र ऐकणे म्हणजे मानणेच. टेकडीच्या गणपतीला माझ्यापुढे रांगेत उभ्या असलेल्या एका आजीबाईंनी हात जोडून म्हटले होते, “आयकून त घेतलं रे बाप्पा, मंग आयकत काहून नाही?” एका वाक्यात त्यांनी दोन्ही अर्थ वेगळे करून ठेवले, आणि त्यात तक्रारीइतकाच विश्वासही होता.

बायबलच्या जुन्या कराराची मूळ भाषा हिब्रू; तिच्यातील ‘शामा’ या धातूतही ऐकणे आणि मानणे असे दोन्ही अर्थ नांदतात. यशया 59 च्या पहिल्या दोन वचनांत तो लागोपाठ येतो: ऐकू येऊ नये इतका परमेश्वराचा कान जड झालेला नाही, पण तुमच्या पापांमुळे त्याने मुख लपवले आहे, म्हणून तो ऐकत नाही. पहिल्या जागी प्रश्न ‘ऐकू येण्याचा’ आहे, दुसऱ्या जागी ‘ऐकण्याचा’. बहिऱ्याविषयी आपण ‘त्याला ऐकू येईना’ म्हणतो आणि हट्टी माणसाविषयी ‘तो ऐकेना’. दुसरे वचन वाचताना ही ‘ऐकेना’ची छटा मनात धरावी.

हे न ऐकणे कोणाच्या वाट्याला येते, तेही शास्त्र त्याच शब्दाने सांगते. जखऱ्या 7:13 मधील देवाच्या बोलण्याचा आशय असा की, मी हाक मारली तेव्हा त्यांनी ऐकले नाही, म्हणून त्यांनी हाक मारली तेव्हा मीही ऐकले नाही. नीतिसूत्रे 28:9 मध्ये तर धर्मशास्त्र ऐकण्यापासून कान फिरवणाऱ्याची प्रार्थनादेखील अमंगळ ठरवली आहे. म्हणजे पापी असण्यापेक्षा कान फिरवण्यावर येथे बोट ठेवलेले दिसते. योहान 9:31 वाचताना हेही ध्यानात घ्यावे की ते वाक्य येशूचे नाही. जन्मांध असून दृष्टी मिळालेला माणूस परूश्यांशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोरपणे पाळणाऱ्या यहुदी पंथाच्या लोकांशी, वाद घालताना ते बोलतो. त्यावरून सरसकट नियम काढणे मला पटत नाही, कारण लूक 18 मध्ये दूर उभा राहून ऊर बडवत ‘मज पाप्यावर दया कर’ म्हणणारा जकातदारच नीतिमान ठरून घरी जातो.

‘पावणे’ हे क्रियापद आपण अशा वेळी सहज वापरतो, पण ते तिसरेच आहे. संस्कृत ‘प्र + आप्’ म्हणजे पोहोचणे, मिळणे, यावरून ते आले. देव नवसाला पावला म्हणजे मागितलेले हाती आले. मागितलेले हाती आले नाही, म्हणून देवाने ऐकलेच नाही, असे शास्त्राच्या भाषेवरून म्हणता येत नाही.

ज्यांना ‘सर्वांची’ या शब्दाची चिंता आहे त्यांनी उत्पत्ती 16 वाचावे. मालकिणीच्या जाचाने रानात पळालेल्या हागार या मिसरी दासीला तेथे सांगितले जाते की, होणाऱ्या मुलाचे नाव इश्माएल ठेव, कारण परमेश्वराने तुझे दुःख ऐकले आहे. त्या नावात हाच ‘शामा’ धातू आहे, आणि त्याचा अर्थ ‘देव ऐकतो’ असा आहे.