रबाळ्याहून रुवैसला: तीस माणसांचा क्रू हातात घेण्याआधी

तुमचा प्रश्न असा आहे: रबाळे एमआयडीसीत केमिकल प्लांटच्या मेंटेनन्सला सुपरवायझर आहात, घर ऐरोलीला. अबू धाबीकडे रुवैसच्या रिफायनरी पट्ट्यात शटडाऊनसाठी (प्लांट बंद ठेवून करायच्या दुरुस्तीसाठी) मेकॅनिकल सुपरवायझरची ऑफर आली आहे, हाताखाली ३० माणसं. तयारी काय करू, आणि बायको-मुलाला न्यावं का?

व्हिसा, मेडिकल, फी यांची माहिती सरकारी साइटवर मिळते, ती मी परत लिहीत नाही. मी कळव्याचा, याच कामातला. तुमचा प्रश्न वाचल्यापासून त्याचा दुसरा भाग डोक्यातून जात नाहीये, कारण त्याचं उत्तर माझं मलाही सापडलेलं नाही. म्हणून कामापासून सुरुवात करतो, तिथे मला खात्रीने बोलता येतं.

रबाळ्यात जुना फिटर तोंडावर सांगतो, "साहेब, व्हॉल्व्ह पास होतोय, मी फ्लँज खोलणार नाही." म्हणजे बंद व्हॉल्व्हमधूनही गळतंय, पाइपचा बोल्टचा जोड उघडणार नाही. तिकडे हे वाक्य तुमच्या कानावर येणार नाही. क्रूमध्ये नेपाळ, बिहार, बांगलादेश, पाकिस्तान, केरळ इथली माणसं असतात. त्यातल्या कित्येकांनी एजंटला पैसे देण्यासाठी घरी कर्ज काढलेलं असतं, आणि असा माणूस "नाही" म्हणत नाही. स्टॉप वर्कचं कार्ड, म्हणजे धोका दिसला तर काम थांबवायचा हक्क, प्रत्येकाच्या खिशात असतं, पण ते बाहेर काढायची हिंमत त्याला तुमच्याकडून मिळायला हवी. पहिल्यांदा कोणी काम थांबवेल तेव्हा दुसऱ्या दिवशीच्या टूलबॉक्स टॉकमध्ये (कामाआधीच्या छोट्या सुरक्षा-बैठकीत) सगळ्यांसमोर त्याचे आभार माना आणि झालेला उशीर प्लॅनिंगवाल्यांकडे स्वतःच्या नावावर घ्या. त्याच्या पगारातून तो एक तास कापला गेला, तर पुढे तीसजणांतला एकही तोंड उघडणार नाही.

"समजलं का?" हा प्रश्न विचारूच नका, सगळे माना डोलावतात. सगळ्यात नवीन हेल्परला विचारा, "आज कुठली लाइन खोलणार? ब्लाइंडचा नंबर काय? भोंगा झाला तर कुठल्या बाजूला पळायचं?" त्याला सांगता आलं तर बाकीच्यांना कळलंय असं धरायला हरकत नाही. बोलणं १० मिनिटांत संपवा आणि फक्त त्या दिवसाच्या कामावर ठेवा. सोप्या हिंदीत बहुतेकांचं भागतं. ज्याचं भागत नाही त्याच्याशेजारी त्याच्या भाषेचा माणूस उभा करा.

तीस माणसं एकट्याने सांभाळायला जाऊ नका. सहा-सात जणांचे गट करा, प्रत्येक गटाला एक चार्जहँड (गटप्रमुख) द्या, आणि स्वतः पाना हातात घेऊ नका. सुपरवायझर बोल्ट आवळायला बसला की पाठीमागची पंचवीस माणसं त्याला दिसत नाहीत. कंपनी "मदत करा" म्हणून दबाव आणते, तिथे ठाम राहा.

आता रिफायनरीचं वेगळेपण. एक बंद व्हॉल्व्ह म्हणजे आयसोलेशन (लाइन पूर्ण तोडणं) नव्हे, लाइनवर ब्लाइंड हवा, म्हणजे जोडात घातलेली भरीव चकती. प्रत्येक ब्लाइंडला नंबर, यादी परमिटसोबत (कामाच्या लेखी परवानगीसोबत), घालताना आणि काढताना सही. विजेवर चालणारं यंत्र असेल तर कुलूप, टॅग आणि त्यानंतर बटण दाबून ते चालू होत नाही ना ही खात्री. तिसरी पायरी घाईत हमखास गळते. फ्लँज खोलताना वारा पाठीवर येईल अशा बाजूला उभं राहायचं आणि आपल्यापासून लांबचे बोल्ट आधी सैल करायचे, म्हणजे आत दाब उरला असेल तर तो अंगावर न येता पलीकडे सुटतो. आत दाब नाही हे कळेपर्यंत नट पूर्ण काढायचे नाहीत. परत बसवताना समोरासमोरचे बोल्ट घेत आधी ३० टक्के टॉर्क, मग ६०, मग १००, आणि शेवटी गोल फिरून एक फेरी. थेट १०० वर गेलात तर गॅस्केट एका बाजूला चेपतं आणि स्टार्टअपला गळतं.

व्हेसलमध्ये (प्लांटच्या बंद टाकीत) माणूस उतरवण्याआधीची गॅस टेस्ट वर, मध्ये आणि तळाशी अशी तीन ठिकाणी हवी. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड, ते तळाला बसतं. ऑक्सिजन १९.५ ते २३.५ टक्क्यांमध्ये, एलईएल (ज्वलनशील वायू पेट घेण्याची किमान पातळी) १० टक्क्यांच्या खाली, एचटूएस म्हणजे हायड्रोजन सल्फाइड १० पीपीएमच्या (दहा लाखात दहा भागांच्या) खाली. साइटचा नियम याहून कडक असेल तर तोच पाळायचा. मीटरवर सगळ्यात आधी ऑक्सिजन वाचा. नायट्रोजन भरलेल्या व्हेसलमध्ये साधा एलईएल सेन्सर चुकीचं वाचतो, कारण त्याला चालायलाच ऑक्सिजन लागतो. आकडा शून्य दिसतो आणि नवखा माणूस निर्धास्त होतो. नायट्रोजनला वास नाही, दोन-तीन श्वासांत माणूस पडतो, आणि त्याला काढायला धावलेला दुसराही पडतो. म्हणून होल वॉचला (व्हेसलच्या दारावरच्या पहारेकऱ्याला) त्याच्या भाषेत बजावून सांगा: आत जायचं नाही, रेडिओवर बोलवायचं, दार सोडायचं नाही. अगदी जेवायलासुद्धा बदली माणूस आल्याशिवाय नाही.

आणखी एक गोष्ट तुमच्या प्लांटमध्ये कदाचित बघायला मिळाली नसेल. गंधक असलेल्या क्रूडच्या व्हेसलमध्ये आयर्न सल्फाइडचा काळा गाळ साचतो, आणि वाळून त्याला हवा लागली की तो आपोआप पेट घेतो. तो ओलाच ठेवायचा, ओलाच बाहेर काढायचा. साफसफाईच्या क्रूला हे कोणी सांगत नाही.

उंचीवर हार्नेस सगळे घालतात, पण हुक कुठे अडकवलाय ते कोणी बघत नाही. १.८ मीटरची दोरी, शॉक ॲब्सॉर्बर उघडून आणखी दीड मीटरपर्यंत, त्यात माणसाची उंची आणि थोडी सूट धरली तर पायाजवळ हुक लावलेल्याला खाली सहा-सात मीटर मोकळी जागा लागते. चार मीटरच्या प्लॅटफॉर्मवर असा हुक लावून उपयोग नाही, डोक्याच्या वरच्या अँकरलाच लावायचा.

उष्म्याबद्दल: १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी १२:३० ते ३ उघड्यावर काम बंद, हा तिथला कायदा. पण माणसं पडतात ती सकाळी दहा-अकराच्या दमट हवेतही. नवा माणूस पहिल्या दिवशी उन्हात २० टक्केच वेळ ठेवायचा आणि रोज २० टक्के वाढवायचा. सुट्टीवरून आलेल्यालाही सवय परत लावावी लागते, हे सगळे विसरतात. दर १५-२० मिनिटांनी पेलाभर पाणी. रमजानमध्ये जड काम पहाटे उरकून घ्या. घाम थांबला किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर सावली आणि अंगावर पाणी लगेच, ॲम्ब्युलन्सची वाट बघत बसायचं नाही.

आता एकटेपणाबद्दल. माझ्या दृष्टीने तो सुरक्षेचाच विषय आहे. बारा तासांच्या शिफ्टनंतर कॅम्पच्या खोलीत फोनवर घरचं भांडण, आजारपण, हप्ता थकल्याची बातमी ऐकून रात्रभर जागलेला रिगर (क्रेनला वजन बांधणारा) सकाळी तुमच्या क्रेनखाली उभा असतो. म्हणून हजेरीच्या वेळी कागदापेक्षा चेहरे बघा. "रात को सोया?" एवढंच विचारा, आणि नाही म्हणाला तर त्या दिवशी त्याला जमिनीवरचं काम द्या. हा एकटेपणा तुम्हालाही चुकणार नाही. संध्याकाळी सहाच्या सुमाराला ऐरोली-ठाणे लोकलच्या गर्दीचीसुद्धा ओढ लागते, ती सरावाने कमी होते असं लोक सांगतात. माझी झालेली नाही.

कागदांचा एकच मुद्दा सांगतो, कारण त्यावर कोणीच बोलत नाही. आपल्याकडच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर क्रम वेगळा, आणि बायकोच्या कागदांवर लग्नाआधीचं नाव. मराठी माणसाला यात काहीच वावगं दिसत नाही, खिडकीपलीकडच्या कारकुनाला मात्र ही दोन वेगळी माणसं वाटतात. डिप्लोमा, विवाह प्रमाणपत्र आणि मुलाचा जन्मदाखला यांवरची नावं आत्ताच अक्षरानुअक्षर जुळवा आणि फरक असेल तर अटेस्टेशनच्या (कागद खरे असल्याच्या सरकारी शिक्क्यांच्या) आधी दुरुस्त करा. नंतर केलं की सगळी साखळी पुन्हा पहिल्या शिक्क्यापासून.

आता शाळा. तिकडच्या भारतीय शाळा एप्रिलमध्ये सुरू होतात, बहुतेक सीबीएसई, अरबी सक्तीची. माझ्या मुलीच्या शाळेने पुरेशी मुलं जमली तर मराठी सुरू करू असा शब्द दिला होता. पालकांनी यादी करून दिली, मराठी सुरू झाली नाही. ती आजीशी हिंदीत बोलते. हे मला अजून सलतं, आणि कितीही पगार मोजला तरी सलणं कमी होत नाही. शिवाय २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रात सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे, म्हणजे सातवी-आठवीत परत आणलेल्या मुलासमोर ती एकदम उभी राहते. न्यायचंच असेल तर बालभारतीची पुस्तकं सोबत न्या आणि आठवड्यातले तीन दिवस घरी शिकवायची जबाबदारी तुमच्यातल्या एकाने आधीच घ्या. शटडाऊनच्या दिवसांत तुम्हाला ते जमणार नाही, हे बायकोला आत्ताच सांगा.

ऑफर लेटरवर राहण्याच्या रकान्यात "बॅचलर स्टेटस" आहे की "फॅमिली स्टेटस", ते आज बघा. बॅचलर असेल तर कॅम्पची खोली मिळते आणि कुटुंब नेलं तर घराचं भाडं तुमच्या खिशातून जातं, मग सुपरवायझरच्या पगारात कुटुंब नेण्याचा विचार सोडा. फॅमिली असेल तर मुलगा कितवीत आहे ते कळवा, शाळेचं पुढचं त्यावरून सांगतो.