मत सगळ्यांना, पण वजन वेगवेगळं

'रोममध्ये नागरिक मतदान करायचे, मग त्याला लोकशाही का म्हणत नाहीत? आणि मुक्त झालेल्या गुलामाचं काय व्हायचं?' असे दोन प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर मतमोजणीत आहे.

कॉन्सुल (वर्षभरासाठीचे दोन सर्वोच्च अधिकारी) निवडणाऱ्या सभेत डोकी मोजत नसत, गट मोजत. एकूण गट 193 आणि प्रत्येक गटाचं मत एकच. गट ठरायचे मालमत्तेवरून. जुन्या रचनेत घोडेस्वारांचे 18 आणि पहिल्या श्रेणीतल्या सधन लोकांचे 80 गट होते. म्हणजे 98, आणि बहुमताला 97 पुरे! मतदानही श्रीमंतांपासून सुरू व्हायचं आणि बहुमत झालं की थांबायचं. ज्यांच्याकडे काहीच नाही अशा सगळ्यांचा मिळून एक गट, तोही शेवटी. त्यांची पाळी बहुतेक वेळा यायचीच नाही. पुढे इ.स.पू. तिसऱ्या शतकात पहिल्या श्रेणीचे गट 70 वर आणले, तरी पारडं श्रीमंतांकडेच झुकलेलं राहिलं.

पण म्हणून 'सगळं नाटक होतं' असं म्हणणाऱ्यांशीही मी सहमत नाही. नाटकासाठी कोणी इतके पैसे ओतत नाही. मतदारांना पैसे वाटणारे दलाल असत, त्यांना 'दिविसोरेस' म्हणत. लाचेविरुद्ध कायद्यामागून कायदे झाले, त्यातला एक प्रसिद्ध वक्ता सिसेरोने स्वतः कॉन्सुल असताना, इ.स.पू. 63 मध्ये केला. शिवाय कायदे करणारी दुसरी सभा होती, तिचे 35 गट राहण्याच्या भागांवरून ठरलेले. तिथे मालमत्तेची पायरी नव्हती. मात्र शहरातल्या दाटीला 4 आणि बाहेरच्या मुलखाला 31 गट. आणि मत द्यायला रोमलाच यावं लागे, त्यामुळे दूरच्या शेतकऱ्याचा हक्क बराचसा कागदावरच राहायचा.

मला सगळ्यात बोलका वाटतो तो गुप्त मतदानाचा लढा. आधी मत तोंडी सांगावं लागायचं, मग आश्रयदात्यासमोर कोण विरोधात बोलणार? इ.स.पू. 139 मध्ये गाबिनियस नावाच्या अधिकाऱ्याच्या कायद्याने निवडणुकीत मत लिहायला मेण लावलेल्या पाट्या आल्या. तरी मत टाकायला मतदार ज्या अरुंद फळीवरून जायचा, तिथे 'मोठी माणसं' उभी राहून पाटीत डोकावायची. म्हणून इ.स.पू. 119 मध्ये मारियुसने, तेव्हा तो ट्रिब्यून, म्हणजे सामान्य जनतेच्या वतीने निवडलेला अधिकारी होता, त्या फळ्याच आणखी अरुंद करायला लावल्या, बाजूला उभं राहायला जागाच उरू नये म्हणून. सिनेटमधल्या, म्हणजे बड्या घराण्यांच्या सभेतल्या दिग्गजांनी कडाडून विरोध केला, यातच काय ते आलं.

पुढे सम्राट आले. इ.स. 14 मध्ये तिबेरियसने अधिकाऱ्यांची निवड सिनेटकडे नेली आणि रोममधली चुरस संपली. गावोगावी ती चालूच राहिली. ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहराच्या भिंतींवर प्रचाराच्या हजारो ओळी सापडल्यात. वाटिया नावाच्या उमेदवाराला रात्री उशिरापर्यंत पिणाऱ्यांचा पाठिंबा असल्याचंही एका भिंतीवर रंगवलंय (हे काम विरोधकांचं असावं, असा माझा अंदाज). मत नसलेल्या बायकांची नावंही समर्थक म्हणून आहेत.

आता गुलामांचं. रोमन नागरिकाने रीतसर मुक्त केलेला गुलाम नागरिक व्हायचा. अथेन्समध्ये असं होत नसे, तिथे तो परकाच राहायचा. रोममध्ये त्याला मत मिळे, पण सहसा शहरातल्या त्या 4 गटांतच कोंबत आणि मोठी पदं बंद. मुलांना मात्र वाट होती. इ.स. 193 मध्ये सम्राट झालेला पेर्तिनाक्स हा मुक्त गुलामाचाच मुलगा. तीन महिन्यांत त्याच्याच रक्षकांनी त्याला मारलं, पण त्याचं कारण जन्म नव्हे, पगार आणि शिस्त.