अनुदानाच्या लाभार्थ्यांची यादी मागता येते का?

प्रश्न : मी नागपूर जिल्ह्यातील संत्रा बागायतदार आहे. आमच्या गावात ठिबक सिंचनाचे अनुदान उचललेल्या काहींच्या शेतात नळीचा पत्ता नाही. म्हणून मी माहिती अधिकारात लाभार्थ्यांची नावे, रकमा, आधार व बँक खाते क्रमांक मागितले. ‘त्रयस्थ व्यक्तीची वैयक्तिक माहिती, कलम ८(१)(जे)’ एवढेच लिहून अर्ज फेटाळला गेला. पत्र मिळून तीन आठवडे होत आले. आता काय करावे?

उत्तर : आपली मागणी मुळात रास्त आहे, मात्र आधार आणि बँक खात्याचे क्रमांक मागून आपण नकाराला आयते निमित्त दिलेत. ते आपल्याला मिळणार नाहीत आणि त्यांची आपल्याला गरजही नाही. तरीही कलम १० प्रमाणे तेवढा भाग वगळून उरलेली माहिती देता आली असती. तसे न करता अख्खा अर्ज फेटाळणे अपिलात टिकणे कठीण आहे.

आपला खरा आधार मात्र कलम ४(१)(ख)(१२) हा आहे. अनुदान कार्यक्रम कसा राबवला, त्यासाठी किती रक्कम दिली आणि लाभार्थी कोण, हा तपशील कोणी अर्ज करण्याची वाट न पाहता कार्यालयाने स्वतःहून प्रसिद्ध करावा, असे २००५ च्या माहिती अधिकार अधिनियमातच म्हटले आहे. रोजगार हमीच्या मजुराचे नाव आणि मजुरी हजेरीपत्रकासह संकेतस्थळावर झळकते, आणि बागायतदाराचे अनुदान तेवढे खासगी, हा न्याय अजब म्हणावा लागेल.

येथे एक अडचण सांगणे भाग आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मुळे कलम ८(१)(जे) बदलले असून हा बदल नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. पूर्वी त्या कलमातच असलेली व्यापक लोकहिताची कसोटी आता तेथे उरलेली नाही, आणि कलम ८(१) माहिती अधिकार अधिनियमातील इतर तरतुदींवर मात करते, असा युक्तिवाद कार्यालय करू शकते. म्हणून केवळ कलम ४ वर विसंबू नका. कलम ८(२) कायम आहे. संरक्षित हितसंबंधांच्या हानीपेक्षा लोकहित मोठे असेल तर माहिती देता येते. सार्वजनिक पैसा न झालेल्या कामावर गेल्याची शंका आहे, हे अपिलात गट क्रमांकांसह ठामपणे मांडा.

प्रथम अपील नकार मिळाल्यापासून ३० दिवसांत करावे लागते, तेव्हा आठवडाभरही दवडू नका. अपिलाच्या अर्जावर वीस रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. अपिलीय अधिकारी कोण, हे नकाराच्या पत्रातच लिहिणे कलम ७(८) नुसार बंधनकारक आहे. ते नसल्यास तीही त्रुटी नोंदवा. नकार योग्य होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी अधिकाऱ्यावर असते, आपल्यावर नाही. तेथे दाद न मिळाल्यास ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे द्वितीय अपील करता येईल. मात्र तेथे तारीख लागायला वेळ लागतो, हे गृहीत धरा.

दरम्यान वेगळा, छोटा अर्ज करून पूर्वसंमतीपत्रे आणि मोका तपासणीचे अहवाल प्रत्यक्ष पाहण्याची परवानगी मागा. ठिबक खरोखर बसले का, हे यादीपेक्षा त्या अहवालांवरून आणि त्यांना जोडलेल्या छायाचित्रांवरून अधिक कळेल. यादी हाती आली तरी ती कोणाला ‘चोर’ ठरवत गावाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीची तक्रार उलट आपल्यावरच होऊ शकते. तफावत आढळल्यास कागदपत्रे जोडून जिल्हा अधीक्षक कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.