घशातल्या जंतूवर संशोधन करायचंय म्हणते

गुहागर तालुक्यातल्या एका आईचं पत्र आलंय. मुलगी बारावी सायन्सला, बायोलॉजी उत्तम, पण नीटचं काही खरं नाही. मावशीच्या हृदयाचा व्हॉल्व्ह लहानपणीच्या तापाने (र्‍हुमॅटिक फीवर, घशातल्या जंतूच्या लागणीनंतर येणारा) खराब झालेला, तिला दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घ्यावं लागतं आणि सोबत जाते ती ही भाची. आता म्हणते, या रोगाच्या जंतूवरच संशोधन करणार. वडील म्हणतात, जंतूंशी खेळून कुणाचं पोट भरलंय? आणि हिलाच लागण झाली तर?

ताई, लागणीचं आधी बोलू. तुम्ही रात्री विरजण लावता तेव्हा बहुधा याच घराण्यातला एक जंतू वाढवत असता, स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस. मावशीला छळणारा त्याचा भाऊबंद, स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनिस. तो प्रयोगशाळेत दुसऱ्या पातळीच्या सुरक्षेत हाताळतात, म्हणजे कोट, हातमोजे, सेफ्टी कॅबिनेट आणि काम संपल्यावर सगळं ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्रात. शिस्त पाळली तर भीती वाटण्यासारखं काही नाही. शाळेतल्या पोरांच्या घशात तो जास्त मोकळा फिरतो.

मुलीला मात्र मी वेगळंच विचारेन. मावशीविषयी माया आहे हे दिसतंय, पण मायेच्या जोरावर पीएचडी निभत नाही. रोजचं काम आवडायला हवं, आणि ते काम असं असतं. कोकमाच्या आगळासारखी लालभडक ब्लड अगारची, म्हणजे जंतू वाढवायच्या रक्त घातलेल्या जेलीची प्लेट. त्यावर घशाचा स्वॅब ओढायचा, ३७ अंशांवर रात्रभर ठेवायची. सकाळी टाचणीच्या डोक्याएवढे करडे ठिपके दिसतात आणि प्रत्येकाभोवती एक स्वच्छ, पारदर्शक कडं. तिथल्या तांबड्या पेशी जंतूने फोडलेल्या असतात. ते कडं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी प्लेट उजेडाला धरून कितीतरी वेळ उभी होते. त्यानंतरच्या पावसाळ्यात माझ्या ओळीने अकरा प्लेट्सवर बुरशी चढली. चूक माझीच, झाकण उघडं ठेवून गप्पा मारत होते. बारावी प्लेट लावायला जो बसतो, त्याचंच हे क्षेत्र.

तिला हेही कळू दे की या जंतूला मारायचं औषध शोधायचं राहिलेलं नाही. पायोजेनिस आजही पेनिसिलिनपुढे हात टेकतो. दुखणं पुढचं आहे. घसा बरा झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी शरीराची स्वतःची संरक्षक यंत्रणा गोंधळते आणि जंतू समजून हृदयाच्या झडपांवर चालून जाते. लस अजून बाजारात नाही, कारण या जंतूच्या अंगावरच्या एम प्रथिनाचे दोनशेहून जास्त प्रकार आहेत आणि लसच तो गोंधळ घडवेल ही धास्ती संशोधकांना कायम राहिली. शिवाय मावशीसारखीचं एकवीस दिवसांचं इंजेक्शन वाडीवस्तीवर चुकतं कुठे, हाही संशोधनाचाच विषय. त्याला पब्लिक हेल्थ म्हणतात. माणसांत रमणारी मुलगी असेल तर मला तो रस्ता जास्त पटतो.

नाव मोठं होतं का, असं वडील विचारतील. रेबेका लान्सफिल्ड या बाईंनी १९३३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये या जंतूंचे ए, बी असे गट पाडले, ते आजही प्रत्येक लॅबच्या रिपोर्टात येतात. जनुकं कापायची क्रिस्पर-कॅस९ ही कात्री तर पायोजेनिसमधूनच आली. शार्पांतिए आणि डाउडना या दोन शास्त्रज्ञ बायकांना २०२० चं नोबेल त्यावरच मिळालं.

आता पैसा. बीएस्सी मायक्रोबायोलॉजीवर थांबली तर लोटे-परशुरामच्या औषध कंपन्यांत किंवा रत्नागिरीच्या मासळी निर्यात कारखान्यांत तपासणी विभागात नोकरी मिळू शकते. सुरुवातीचा पगार बेताचाच, घरापासून जवळ एवढंच. संशोधन हवं असेल तर एमएस्सी, मग सीएसआयआर-यूजीसी नेट ही परीक्षा. त्यातून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली की महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं. पण पीएचडी हातात पडेपर्यंत ती अठ्ठावीस-एकोणतीसची होणार, आणि मधल्या काळात नातेवाईक लग्नाचं विचारून भंडावतील. ते झेलायची तयारी तुमची हवी, तिची नव्हे. परळच्या हाफकिनसारख्या संस्थेत जायचं तर मुंबईत राहण्याचा खर्चही आत्ताच धरा.

बायोटेक्नॉलॉजी नावाच्या चकचकीत, लाखभर फीच्या खासगी कोर्सला जाऊ नका. साधी बीएस्सी मायक्रोबायोलॉजी, चांगलं प्रॅक्टिकल असलेल्या अनुदानित कॉलेजात. प्रवेशाआधी तिथली लॅब स्वतः बघून या. ऑटोक्लेव्हवर धूळ असेल तर दुसरं कॉलेज शोधा.

परीक्षा मार्चमध्ये संपेल. एप्रिलमध्ये चिपळूणच्या किंवा रत्नागिरीच्या एखाद्या मोठ्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये ओळख काढून तिला आठवडाभर नुसतं बघायला बसवा, कल्चर लावतात, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवतात, त्या टेबलापाशी. संध्याकाळी घरी आल्यावर ती काय काय सांगते ते ऐका, आणि मला लिहा.