जर्मन कुणाच्या घरची?

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

श्टुटगार्टच्या बेकरीत तू 'ब्रोट्शेन' (छोटा पाव) मागितलास, बाई त्यालाच 'वेक्ले' म्हणाल्या, पुढचं अवाक्षरही कळलं नाही, तू इंग्रजीवर आलीस, आणि आता तुला वाटतंय की पुण्यात शिकलेलं सगळं वाया गेलं. 'खरी जर्मन कुठली?' हा तुझा प्रश्नच मला मान्य नाही. बोलणाऱ्यांची ती जर्मन.

तू वर्गात शिकलीस ती प्रमाण भाषा मुळात कुणाच्याच घरची नव्हती. १५२२ मध्ये बायबलचा नवा करार जर्मनमध्ये आणताना धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने सॅक्सनीच्या दरबारी कारभाराची भाषा धरली, कारण ती उत्तरेत-दक्षिणेत दोन्हीकडे कळायची. तरी भाषांतराविषयीच्या १५३० च्या पत्रात तो बजावतो: घरातल्या आईला, गल्लीतल्या पोरांना, बाजारातल्या साध्या माणसाला विचारा. आणि एवढं करूनही बाझेलच्या आडाम पेट्री या मुद्रकाला १५२३ मध्ये दक्षिणेकडच्या वाचकांसाठी शब्दार्थांची यादी जोडावी लागली! जर्मनांनाच जर्मन कळत नव्हती, बाळा.

उत्तरेची गोष्ट तर नीट वाच. हान्झा या व्यापारी शहरांच्या संघाच्या भरभराटीत ल्यूबेकचे व्यापारी बाल्टिक किनाऱ्यावर आपल्या प्लाटडॉइचमध्ये, म्हणजे उत्तरेच्या जर्मनमध्ये, व्यवहार करत. सोळाव्या-सतराव्या शतकात संघाची सद्दी संपत गेली, आणि कचेऱ्या, शाळा, चर्च दक्षिणेकडून आलेल्या लिखित जर्मनकडे वळली. तिथल्या लोकांनी ती परकी भाषा शिकावी तशी, अक्षर लावून लावून शिकली. लिहिलंय तसं उच्चारली. १८९८ मध्ये भाषाअभ्यासक थिओडोर झीब्सने रंगभूमीसाठी उच्चार ठरवले ते मुख्यतः याच उत्तरी वळणावर. आज ज्याला शुद्ध म्हणतात ते पुस्तकातून शिकलेल्यांच्या तोंडचं आहे. तू वेगळं काय केलंस?

मग इंग्रजीचा आडोसा कशाला घेतेस? याचा मला खरंच राग येतो.

नामांच्या लिंगांचे 'डेर, डी, डास' घोकून घेतलं म्हणून तुमची बॅच माझ्यावर चिडायची. आजही घोकून घेईन. पाया हवाच, तो नसता तर त्या बाईंचं बोलणं वेगळं आहे हेही तुला उमगलं नसतं. पण पुढचं काम कानाचं, आणि ते तिथे राहूनच होतं. मला तुझ्या वयात ती संधी आली होती. घरच्या अडचणीपायी जाता आलं नाही, ती रुखरुख अजून आहे. म्हणून इतकं टोचून लिहितेय.

बोलणाऱ्यांची ती जर्मन. १९९६ मध्ये सरकारांनी शुद्धलेखन बदललं, तर लोकांनी इतका गदारोळ केला की २००६ मध्ये बरंचसं सुधारून घ्यावं लागलं. पश्चिम जर्मनी आणि तुर्कस्तान यांच्यातल्या १९६१ च्या करारानंतर तिथून कामगार आले. त्यांच्या नातवंडांच्या बर्लिनमधल्या बोलीवर आज भाषाशास्त्रज्ञ अभ्यास करतात. उद्या त्यात तुझीही भर पडेल.

शनिवारच्या बाजारात जा. कळलं नाही तर 'परत सांगा' म्हण, तीनदा म्हणावं लागलं तरी म्हण. आणि पुढचं पत्र जर्मनमध्ये लिही. तिथल्या श्वाबियन बोलीचे शब्द आले तर खोडू नकोस, मला शिकायचेत.

तुझ्या,
बाई