‘तुला आवाज नाही’ हे कुणी ठरवलं?

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी प्राथमिक शिक्षणाच्या पदवीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, विद्यार्थी-विनिमयातून एका सत्रासाठी परदेशी विद्यापीठात तिची निवड झाली आहे. तिथे तिनं विषय घेतलाय प्राथमिक शाळेत संगीत शिकवण्याचा, सोबत तिथल्या शाळेत प्रत्यक्ष पाठ. तो सोडून तिनं शैक्षणिक तंत्रज्ञान घ्यावं असं तुम्हाला वाटतं, आणि तिला कसं पटवायचं ते मला विचारता.

ते मी सांगणार नाही. तुमच्या पत्रातल्या एका ओळीपुढे मला जाताच आलं नाही: ‘सातवीत मीच तिला सांगितलं होतं, तुला आवाज नाही, उगाच गाऊ नकोस. अजूनही ती गुणगुणते ते बाथरूममध्ये, नळ सोडून.’ तिला हा विषय झेपणार नाही, याचा पुरावा म्हणून तुम्ही हे लिहिलंय. आठ वर्षं कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून पाणी सोडून गाणारी मुलगी आता तीस मुलांसमोर उभं राहून गायला तयार झाली आहे. याला किती धीर लागला असेल, याचा विचार केलात का? मला काळजी वाटते ती तिनं निवडलेल्या विषयाची नाही, तुमच्या त्या वाक्याची. प्राथमिक शाळेतले कितीतरी शिक्षक वर्गात तोंड उघडून गात नाहीत, मोबाइलवर गाणं लावून मोकळे होतात. कारण विचारलं की बहुतेक वेळा असंच एखादं वाक्य निघतं, लहानपणी आई-वडिलांनी किंवा गुरुजींनी सहज म्हटलेलं. मग त्यांच्या वर्गातली मुलंही गात नाहीत.

आता तुमच्या गैरसमजाबद्दल. संगीत शिकवायचं तर गोड गळा हवा, निदान विशारद तरी हवं, असं तुम्ही धरून चालला आहात. मैफिलीसाठी ते ठीक. सहा वर्षांच्या मुलांसाठी वेगळंच कौशल्य लागतं. मोठी माणसं गाणं सुरू करतात ते स्वतःला सोयीच्या खालच्या पट्टीत. लहान मुलांचा गळा साधारण पांढरी दोन ते पांढरी सहा (पेटीच्या पांढऱ्या पट्ट्यांचे क्रमांक) या टप्प्यात सहज फिरतो. त्याखाली गेलं की ती बोलल्यासारखी एकाच स्वरात घुमत राहतात आणि आपण त्यांना बेसूर ठरवतो. प्रशिक्षित शिक्षक अशा मुलाला भोंग्यासारखा आवाज खालून वर चढवायला लावतो, बोलण्याचा आवाज आणि गाण्याचा आवाज यातला फरक त्याला स्वतःच्या गळ्यात सापडू देतो, मग दोनच स्वरांची हाक देऊन तीच परत मागतो. बरीच मुलं काही आठवड्यांत स्वर धरतात. तुमच्या मुलीला सातवीत असं कुणी शिकवलं असतं तर? हंगेरीचे संगीतकार आणि संगीतशिक्षणतज्ज्ञ झोल्तान कोदाय यांचा आग्रहच होता की वाद्याच्या आधी गळा, आणि तोही प्रत्येक मुलाचा. जर्मन संगीतकार कार्ल ऑर्फ यांच्या पद्धतीत बोलणं, टाळी, हालचाल आणि साधी तालवाद्यं यांतून सुरुवात होते. शिक्षक होऊ पाहणाऱ्यांच्या अशा प्रशिक्षणात आधी त्यांच्या स्वतःच्या गळ्यावर आणि तालावर काम होतं. म्हणजे तिची जी उणीव तुम्ही दाखवता, तिच्यावरच तिथे काम होणार आहे.

मात्र एक स्पष्ट सांगते. आवाज गोड नसला तरी चालेल, सूर सुटलेला चालणार नाही. मुलं जे ऐकतात तेच उचलतात. जाईपर्यंत तिनं रोज दहा मिनिटं तानपुरा लावून साधे स्वर म्हणावेत, रेकॉर्ड करून ऐकावेत. नळ न सोडता.

भाषेची भीती तुम्ही समजता तेवढी नाही. टाळीला टाळी, हाताच्या खुणांनी दाखवलेला स्वर, मी गाते मग तुम्ही गा, यांना शब्द फार लागत नाहीत. वर्ग शांत करायला मात्र लागतात, म्हणून वर्गशिक्षक सोबत असतोच. ‘ऐका’, ‘थांबा’, ‘पुन्हा’ असे वीसेक शब्द तिनं आधीच पाठ करावेत. शिवाय आपला सा कोणत्याही पट्टीत बसतो. कोदाय पद्धतीतला डो, म्हणजे पाश्चात्त्य संगीतातला सा, तसाच सरकतो, पण फ्रान्स, इटली, स्पेनमध्ये डो म्हणजे कायम पांढरी एक. ज्या देशात जाणार तिथली रीत तिनं आधी विचारून घ्यावी, नाहीतर पहिला आठवडा गोंधळात जाईल.

मला खरी शंका आहे ती निराळीच. बाहेरून आलेल्या विद्यार्थ्याला शाळा हौसेनं बोलावते, त्याच्या देशाचं एक गाणं म्हणायला लावते, फोटो काढते, संपलं. तो पाहुणचार झाला, प्रशिक्षण नव्हे. तिनं आत्ताच लिहून विचारावं: एकच वर्ग सलग किती आठवडे मिळेल, त्यात स्वतः किती वेळ शिकवायचं, पाठानंतर चुका दाखवायला कोण बसेल. आठवड्याला पंधरा मिनिटं मिळाली तरी चालतील, पण मुलं तीच हवीत. नुसतं निरीक्षण असेल तर विषय बदलायचा विचार करावा, तोही तिनं.

क्रेडिटचं म्हणाल तर युरोपात एका सत्राची साधारण 30 असतात. ती इथे धरली जातील असा करार, मुलगी निघण्याआधी, दोन्ही विद्यापीठांच्या सहीनं व्हायला हवा. या एका सत्रानं शिक्षकाचा परवाना कुठेच मिळत नाही, ती आशा धरू नका. मुलांमध्ये काम करायचं म्हणजे पोलीस पडताळणीचा दाखला बहुतेक मागतातच, त्याला वेळ लागतो; तो अर्ज याच आठवड्यात करा. शिक्षक भरतीची परीक्षा परत आल्यावरही देता येईल.

आणि सातवीतलं ते वाक्य मागे घ्यायचं असेल, तर ती निघायच्या आधी घ्या, समोर बसून. ते फोनवर सांगू नका.